थरथरणारी अक्षरं

मुद्रितशोधक भाऊंनी प्रकाशकांच्या पत्राला तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. ‘नव्या शब्दकोशाची मुद्रितं तपासाल ना?’ एवढंच विचारलं होतं. पण भाऊंना हल्ली संगणकाच्या पडद्यावरची अक्षरं थरथरताना दिसत. जुना अवजड मॉनिटर बदलायला ते धजत नव्हते. नव्या सपाट एलसीडी पडद्यावरही अक्षरं थरथरली, तर दोष डोळ्यांचाच ठरून आयुष्यभराचं काम सुटणार होतं. “अहो, त्या डबड्याशी लग्न लावलंत का?” म्हणत बायकोनं दुरुस्तीवाल्याला बोलावलंच. “भाऊ, बघा तर! नाही पटला, तर परत नेतो,” म्हणून त्यानं एलसीडी जोडला. भाऊंनी घट्ट मिटलेले डोळे भीतभीत उघडले. अक्षरं जागच्या जागी शहाण्यासारखी उभी होती. “दिसतंय का काही?” बायकोनं हळूच विचारलं. “कालच्या पानात स्वल्पविराम निसटलाय माझ्याकडून!” भाऊ खुदकन हसले आणि चहालाही न थांबता होकाराचं पत्र टपालपेटीत टाकून आले.