कात्रीबाईंची दाद

चष्म्याचं दुकान चालवणारे काका कवींच्या ग्रुपवर रोज एक कविता टाकायचे आणि 'वाह, वाह' गोळा करून खूश व्हायचे. त्यात मिठाचा खडा टाकायच्या त्या एकट्या कात्रीबाई. राहायच्या दुकानामागच्याच गल्लीत, आणि काकांच्या प्रत्येक कवितेखाली त्यांचं ठरलेलं, "पाल्हाळ फार. निम्मे शब्द काढा."

त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं आणि काकांच्या छातीत जोराची कळ आली. हातातल्या फोनवर ग्रुपच उघडा होता. त्यांनी कसंबसं लिहिलं, 'दुकानात एकटा आहे. छातीत कळ येतेय. कुणीतरी या.'

पटापट उत्तरं आली. "वाह! काय वेदना!" "काळजाला हात घातलात!" "पुढचं कडवं येऊ द्या!"

आता आपलं काही खरं नाही, म्हणत काकांनी डोळे मिटले.

उघडले ते दवाखान्यात. "अगदी वेळेवर आणलंत, धोका टळला," डॉक्टर सांगत होते, आणि कात्रीबाई पदराने घाम पुसत होत्या.

"ही कविता नाही, हे तुम्हाला बरं कळलं?" काकांनी हळूच विचारलं.

"न कळायला काय झालं? तुम्ही लिहिलेलं, आणि त्यातून काढायला एक शब्द सापडेना! तशीच धावत सुटले."