डिर्कचा गुडघा

"ऊठ, डिर्कला टाळ्या घेत बाहेर येऊ दे," प्रशिक्षक म्हणाले. त्याच्या शेवटच्या फुटबॉल सामन्याची पाचेक मिनिटं उरली होती आणि त्याच्या जागी मी उतरणार होतो.

बचावफळीतली ती जागा त्यानं अठरा वर्षं अडवून ठेवली होती. ऱ्हाईनकाठच्या आमच्या शहरात त्याच्या नावाची बिअर निघाली. मला कोपऱ्यावरचा बेकरीवालाही ओळखत नव्हता. राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून मी नुसता जळायचो. सरावात मुद्दाम त्याच्या शेजारून सुसाट पळायचो, म्हाताऱ्याला आपलं वय कळावं म्हणून. तरी दर शनिवारी हा गुडघ्याला पट्टी बांधून हजर!

बदलीचा फलक वर गेला. अख्खं स्टेडियम उठून उभं राहिलं. मी रेषेवर उभा होतो, पण माझ्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं. डिर्क लंगडत आला आणि त्यानं मला घट्ट मिठी मारली.

"गुडघा केव्हाच कामातून गेलाय," तो माझ्या कानाशी हसत म्हणाला. "डॉक्टर थांब म्हणायचे. पण तू असा शेजारून पळत गेलास की माझं डोकं फिरायचं. तू नसतास ना, तर मी चार वर्षांपूर्वीच घरी बसलो असतो."