मधली खोली

मधल्या खोलीला दोन खिडक्या होत्या आणि दोन्हींतून समोरच्या घरातला माणूस स्पष्ट दिसत होता. तो बनियनवर उभा राहून पेपर वाचत होता. त्यानं पेपर जरा खाली केला, फणींद्रकडे पाहून मान हलवली आणि पुन्हा वाचायला लागला.

"बघितलंस?" फणींद्र बायकोला हळूच म्हणाला. "अजून घर घेतलं नाही, त्याआधीच ओळख झाली."

हैमवती हसली, पण खिडकीपासून हलली नाही. गल्ली अरुंद होती. भाजीची गाडी आली की स्कूटरला थांबावं लागत होतं.

पुढच्या महिन्यात ती सिकंदराबादच्या डोळ्यांच्या दवाखान्यात रुजू होणार होती. फणींद्र पुलांचे आराखडे करायचा, त्याला विशाखापट्टण काय आणि हैदराबाद काय, सारखंच. एजंट यादगिरीनं सकाळी त्यांना कोकापेटला एका उंच इमारतीतला फ्लॅट दाखवला होता. शाळेची बस थेट फाटकात येते, असं तो तीनदा म्हणाला. लिफ्टमध्ये माणसं चढली, उतरली, एकानंही मान वर केली नाही. फणींद्रला ती जागा तिथेच पसंत पडली.

"इथे कुणी काही विचारणार नाही," तो गाडीत बसताना म्हणाला होता.

"हो. कुणी काहीच विचारणार नाही," हैमवती म्हणाली होती, आणि मग पद्माराव नगरच्या घरातला वरच्या मजल्याचा हा भाड्याचा पोर्शनही बघू या म्हणून तिनंच यादगिरीला गाडी वळवायला लावली होती.

घरमालकीण सुभद्रम्मा जिना चढून वर आल्या. सत्तरीच्या, ठेंगण्या. हातात कॉफीचे दोन स्टीलचे पेले. पेले दोघांच्या हातात देता देताच त्यांनी विचारलं, "मुलं किती?"

यादगिरी फोनमध्ये डोकं घालून बसला.

या प्रश्नाला फणींद्रचं उत्तर ठरलेलं होतं. 'अजून नाही.' लग्नांत, बारशांत, बँकेच्या रांगेतसुद्धा त्यानं ते दिलं होतं. आताही त्यानं तोंड उघडलं, पण हैमवती आधी बोलली.

"नाहीत, अम्मा. होणारही नाहीत. खूप उपचार केले. आता थांबवले."

फणींद्र तिच्याकडे बघत राहिला. थांबवले होते हे खरं, पण तसं म्हटलं कुणीच नव्हतं, एकमेकांनाही नाही. एका महिन्यात डॉक्टरांची तारीख घ्यायची राहिली, मग पुढच्याही महिन्यात राहिली, एवढंच.

आता काय येणार ते त्याला पाठ होतं. कुठला तरी देव. कुठला तरी वैद्य. कुणाची तरी भाची, जिला चाळिशीनंतर झालं.

"बरं," सुभद्रम्मा म्हणाल्या. "मग ही मधली खोली कशाला वापरणार?"

विशाखापट्टणच्या घरातही अशी एक खोली होती. तिचं दार लावलेलं असायचं.

"इस्त्रीचं टेबल ठेवू," हैमवती म्हणाली.

"एवढ्या उजेडात इस्त्री?" सुभद्रम्मांना ते अजिबात आवडलं नाही. "त्याला मागची गच्ची आहे की."

"व्हायोलिन," फणींद्र म्हणाला.

म्हटल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. हैमवती वळली. "ते अजून आहे?"

"विजयनगरमला, दादाच्या माळ्यावर. तारा गेल्या असतील."

"येतं, की नुसतंच घासता?" सुभद्रम्मांनी विचारलं.

"शाळेत असताना येत होतं. आता घासेनच."

"घासा. पण इथे आधी सांगावं लागतं." त्या खिडकीशी गेल्या आणि गजाला धरून त्यांनी हाक मारली. "ओ शेषगिरी. हे बघ, हे दोघं विशाखापट्टणचे. ही डोळ्यांची डॉक्टर, हा पुलांचं काम करतो. पोरंबाळं नाहीत, व्हायची नाहीत, परत कुणी विचारायचं नाही. तुझ्या बायकोलाही सांगून ठेव. आणि हा व्हायोलिन वाजवणार आहे."

फणींद्रच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जे वाक्य तो इतकी वर्षं चुकवत आला होता, ते या बाईनं भर दिवसा, भर गल्लीत ओरडून सांगितलं. भाजीवाल्यानं ऐकलं. खाली नळावर हंडा भरणाऱ्या मुलीनं ऐकलं. हंडा भरला, तिनं तो उचलून कमरेवर घेतला आणि ती निघून गेली. भाजीवाला दोडक्यावर पाणी शिंपडत राहिला. बाकी काहीच झालं नाही.

त्यानं हैमवतीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून कॉफी पीत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि हसू ओठ सोडायला तयार नव्हतं.

"सार," यादगिरी खालच्या आवाजात म्हणाला, "कोकापेटवाल्यांचा फोन येतोय. काय सांगू?"

समोर शेषगिरीनं पेपरची घडी केली आणि ती काखेत धरली. बराच विचार करून त्यानं विचारलं, "सकाळी वाजवणार की संध्याकाळी?"

सुभद्रम्मा बाजूला सरकल्या. फणींद्र खिडकीशी गेला.

"संध्याकाळी," तो म्हणाला. "पण सुरुवातीला त्रास होईल तुम्हाला."

"होऊ दे. आमच्याकडे मिक्सर आहे, तोही काही सुरात नाही." शेषगिरीनं कठड्यावर कोपरं टेकली. "कधीपासून?"

यादगिरीच्या हातात फोन वाजत होता.

"एक तारखेपासून," फणींद्र म्हणाला.