डाव्या हाताचा घास

"त्याले पंगतीत बसवू नका," किसनराव पाटील पाटावर टेकता टेकता म्हणाले. "फौजी जेलातून आलेला मानूस हाये तो."

पत्रावळ उचलून कडूबा गोठ्याच्या तोंडाशी जाऊन बसला. त्याच्याच आईच्या सोळा सोमवारांचं उद्यापन होतं, आणि तो लढाईवरून सुखरूप यावा म्हणूनच तिने ते धरले होते. पण पंगतीत कुणाचाही घास अडला नाही.

किसनरावांना राग येणं साहजिक होतं. लढाईच्या वेळी जानेफळची पोरं त्यांनी भरतीला दिली आणि साहेबाच्या हातून शेला-पागोटं घेतलं. स्वतःचा लक्ष्मीकांत तेवढा अकोल्याच्या कचेरीत चिकटवला. शौर्य कशाला म्हणतात ते अशाच माणसांना नीट कळतं.

"लढाईले भेला, आन् आपल्याच हातावर गोळी झाडली," चुरम्याचा लाडू फोडत ते म्हणाले. "गावाचं नाक कापलं बे यानं!"

पंगत मनापासून हसली.

मनकर्णाबाई वाढत होती. तिचं सोवळंओवळं, तिने पोराला लावलेलं वळण, सगळं गावात नावाजलेलं. महादेवाने पोरगा परत दिला, पण डाग लावून दिला, असं तिच्या मनाने घेतलं होतं. तो आल्यापासून ती त्याच्याशी धड बोलली नव्हती. आताही गोठ्याशी येऊन तिने वरण दुरूनच वाढलं. कडूबाचा डावा हात मांडीवर पडला होता. बोटं आत वळलेली, वाळल्या शेंगेसारखी.

"खरंच तूनं सोताच झाडली?" तिने खालच्या आवाजात विचारलं.

"आज इचारलं, माय." कडूबा हसला. "दुश्मनाची लागली. दवाखान्यातल्या गोऱ्या डाक्तरले म्या सांगितलं, मी डावखुरा हाये. इळा, कुऱ्हाड, समदं डाव्या हातानं. आपला कामाचा हात कोन फोडून घेते?"

"मंग?"

"पाहू म्हने. भाताचं ताट आनवलं आन् म्हने, जेव."

मनकर्णाबाईच्या हातातली पळी थांबली.

"बोटं तवा हालत होती, माय, पन ताट पुढं आलं आन् उजवाच हात आपोआप गेला. डाक्तर हसला. तिथंच लिवलं, हा झूट बोलते. त्या चार घासांवर मले जेल झाला."

"वयनी, इकडं भात आना ना!" किसनराव ओरडले.

तिला ते ऐकू गेलं नाही. हातातली पळी तशीच धरून ती मुलाशेजारी मातीत बसली. दिवसभराचा उपास होता. सोडण्यासाठी प्रसादाचा लाडू तिने पदराला बांधून ठेवला होता. तो तिने सोडला, डाव्या हातात घेतला आणि सगळ्या पंगतीदेखत कडूबाच्या तोंडाशी नेला.

"वयनी!" किसनरावांचा घास हातातच राहिला. "देवाचा परसाद, आन् डाव्या हातानं?"

मनकर्णाबाईने उजव्या हातातली पळी वर उचलून दाखवली.

"लहानपनी याचा डावा हात ताटाकडं गेला, पाटील, की मी हीच पळी त्याच्या बोटांवर हानत होती."