विलायती गाडीचा कौल

शिंत्र्यांनी टेम्पोचं मागचं फळकं पाडलं, चढवायला फळी लावली आणि म्हणाले, "चला रावजीराव, घ्या ढकलून. घाट उजेडातच चढायचाय मला." रावजी मोटारसायकलीचं हँडल धरून उभा. पाय उचलेल तर शपथ!

आता अडवणारं तरी कोण होतं? मुंबईच्या शिवाने पत्रांतून धोशा लावला होता : बाबा, तुमच्या विलायती गाडीचा कारखानासुद्धा बंद पडला, एकेका पार्टापायी भंगारवाल्यांची दारं झिजवून मी दमलो, विकून टाका. बायको हौसा तर रोज गाडीच्या नावाने बोटं मोडायची. शेवटी रावजीने पोराला शब्द दिला. अलोऱ्याच्या वर्कशॉपात वीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस तो, दिलेला शब्द मोडणाऱ्यातला नव्हे.

"सामान आहे म्हणाला होतात?" शिंत्र्यांनी विचारलं.

रावजीने बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला, उघडला आणि बसला की सांगत! ही क्लचची वायर, सायकलच्या ब्रेकच्या वायरीपासून केलेली. ह्या पिस्टनच्या रिंगा, शिवाने एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती धाडलेल्या. आणि ही दुसरी चावी. वर्कशॉपच्या साहेबाने गाडी दिली तेव्हा एकच चावी होती, म्हणून पितळी कालथ्याचा दांडा कापून आठ दिवस कानशीने घासली, तेव्हा कुठे लागली.

"आणि माझा कालथा गेला बोडका," दारातून हौसा म्हणाली.

"चाव्या ठेवा तुमच्याकडंच," शिंत्रे हसले. "मला कुठं चालवायचीय? कराडला अशाच दोन गाड्या आहेत माझ्या, पार्ट मिळंनात म्हणून उभ्या. ही उद्या खोलतो, लागंल ते काढून घेतो. सांगाडा भंगारात."

माणूस वाईट नव्हता, खरं ते बोलला. पण डब्याचं झाकण लावताना ते रावजीला दोनदा वाकडं बसलं. सोळा वर्षं जिचा एकेक नट त्याने स्वतःच्या हाताने आवळला होता, ती उद्या सुटी होऊन चटईवर पडणार. तो म्हणाला, "शब्द दिलाय. चला," आणि खांदा लावून ढकलायला लागला.

"थांबा!" हौसा पायरी उतरून आली. "दारची वस्तू आईला विचारल्याबिगर हलवायची नाय. बैल दिला तवापण कौल लावला होता. तुम्ही भागोजी आबांना हाक मारा, मी फुलं घेऊन येतंय."

रावजी बघतच राहिला. गाडी कधी एकदा जाते म्हणणारी ही, आणि आता हिला कौल सुचतोय! शिंत्र्यांनी घड्याळ पाहिलं, पण देवीचं नाव निघालं होतं. चपला काढून ते वाघजाईच्या देवळात जाऊन बसले.

भागोजी गुरव ऐंशीच्या घरातले. हौसाने फुलं आणायला बराच वेळ लावला. ती आली, तशी तिच्या द्रोणातली एक पाकळी त्यांनी वाघजाईच्या उजव्या खांद्याला लावली, एक डाव्या. हात जोडून म्हणाले, "आई, रावजीच्या दारची गाडी द्यायची असंल तर उजवी दे, ठेवायची असंल तर डावी दे. काय ते लवकर सांग गो माये, पाव्हण्याला घाट चढायचाय."

आई काही सांगेना, एकही पाकळी पडेना. अर्धा तास झाला, तास झाला. रावजी मनातल्या मनात 'डावी, डावी' म्हणे आणि लगेच पोराला दिलेल्या शब्दाची लाज वाटून गप्प होई. भागोजींनी पुन्हा विनवलं, नारळ कबूल केला. शिंत्रे मान वाकडी करून पाकळ्यांकडे बघून आले. म्हणाले, "जरा फुंकर घातली तर?" भागोजींनी असं काही पाहिलं की ते परत जाऊन खांबाला टेकले.

उन्हं कलली तसे भागोजी उठले. "आज आईला बोलायचं नाय. कौल नाय तर वस्तू हलायची नाय."

"मग मी पुन्हा कधी येऊ?"

"ती बोलली की कळवतो."

शिंत्र्यांनी फळकं लावलं. बसता बसता रावजीला म्हणाले, "खरं सांगू? ढकलताना तुमचं तोंड बघवत नव्हतं. रिंगा लागल्या तर कार्ड टाका. माझ्याकडं जादा आहेत." टेम्पो वळणाआड गेला आणि रावजीला एकाएकी इतकं हलकं वाटलं, की त्याने भागोजींना हात धरून चहाला ओटीवर आणलं. शिवाला काय लिहायचं तेही ठरलं. आईपुढे पोराचं काय चालणार?

चहाचं सांगायला तो आत गेला, तर हौसा चुलीपाशी बसून बोटांना खोबरेल चोळत होती. चोळत होती, पुसत होती, परत चोळत होती.

"फणस फोडलास काय गो?"

"आता कुठचा फणस? आजून झाडाला कवळ्या कुयऱ्या हायत बोटभर."

"मग बोटांना हा चीक कसला?"

हौसा वर न बघता म्हणाली, "आईला खोटं बोलायला नाय लावली मी. नुसती गप बसवली."

रावजीने ओटीकडे पाहून आवाज खाली आणला. "अगो, देवीच्या कौलात! आणि भागोजी आबांना कळलं म्हणजे?"

तेवढ्यात ओटीवरून भागोजींची हाक आली, "सूनबाय, तुझं झालं की ती तेलाची वाटी हिकडं धाड गो. माझी दोन बोटं कवापासून एकमेकांना सोडीत नायत."