नटावरची लाल रेघ

किल्ली फिरवली, तर टक्कसुद्धा झालं नाही. दिवे नाहीत, हॉर्न नाही, काटे जागचे हलायला तयार नाहीत. काल संध्याकाळी हीच म्हातारी पिकअप एका झटक्यात सुरू झाली होती आणि रोपवाटिकेच्या अंगणात ऐटीत दोन चकरा मारून आली होती. करंटताई स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसून राहिली.

गाड्यांच्या वायरिंगचं काम करता करता तिला हे नाव पडलं होतं आणि ते तिला आवडायचंही. फॉल्ट सापडेपर्यंत तिला जेवण गोड लागत नसे. त्यातून मालकांचा, रोपवाटिका सांभाळणारा मुलगा तिला निक्षून सांगून गेला होता, की गाडी काहीही करून चालू करा. बाबांनी उभा जन्म या गाडीतून झाडं पोचवली. ती बंद पडायला लागल्यापासून ते गप्प गप्प असतात. उद्या शाळांची रोपं जायची आहेत आणि ती बाबांनीच न्यायची, असा त्याचा हट्ट होता.

काल तिनं सगळं रीतसर तपासलं होतं. बॅटरी ठणठणीत. मेन फ्यूज मात्र खाचेतून अर्धवट उपसलेला निघाला. तो दाबून बसवला, तरी गाडी ढिम्म. मग ती गाडीखाली सरकली. बॅटरीची अर्थिंगची केबल चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जिथे नटानं आवळलेली असते, तिथला नट ढिला होता. तो आवळला आणि गाडी सुरू झाली. काका, म्हणजे मुलाचे बाबा आणि गाडीचे मालक, अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी नुसती मान डोलावली.

गाडी सुरू झाली, पण करंटताईचं समाधान झालं नाही. एकाच गाडीत एकाच वेळी दोन फॉल्ट? आणि नट खडखडाटानं ढिला होत असेल, तर गाडी रस्त्यात बंद पडायला हवी. पण रस्त्यात हिनं कधीच दगा दिला नाही, असं काका स्वतःच सांगायचे. ही बंद पडायची ती अंगणात उभ्या उभ्या, सकाळी निघायच्या वेळेला. म्हणून जाताना करंटताईनं आपल्या सवयीप्रमाणे नटावरून थेट चासीपर्यंत लाल ऑइलपेंटची एक जाडशी रेघ ओढून ठेवली होती. नट हलला, तर रेघ तुटते.

आता ती टॉर्च घेऊन पुन्हा गाडीखाली गेली. रेघ तुटली होती. अर्धी चासीवर तशीच होती, अर्धी नटाबरोबर भलतीकडे वळली होती आणि मधला रंग फरफटला होता. वर येऊन पाहिलं, तर फ्यूजही पुन्हा उपसलेला. गाड्या काही रात्री उठून आपले नट सोडत नाहीत. हे कुणाच्या तरी हाताचं काम होतं. पण एवढ्या साध्या गाडीशी वैर धरणारं या घरात होतं तरी कोण?

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. कप देताना त्यांची नजर सारखी उघड्या फ्यूजबॉक्सकडे जात होती. चहा पीत करंटताई नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. काकूंना ते सहन झालं नाही.

"मीच काढते गं तो फ्यूज," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना नीट दिसत नाही. मागे फाटकापाशी एक सायकलवाली पोर थोडक्यात वाचली. तेव्हापासून ते किल्ली घेऊन निघाले, की मला घरात बसवत नाही. पण त्यांना तोंडावर कसं सांगू? मनानं खचतील ते. तूच सांग ना, की गाडी आता दुरुस्त होत नाही म्हणून."

करंटताईच्या जिवावर आलं. चांगल्या गाडीला मोडीत काढणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि काकूंचा चेहरा तर बघवत नव्हता. पण मनातली शंका तिला आधी विचारल्याशिवाय राहवेना. फ्यूज ठीक, पण गाडीखालचा नट कशाला सोडायचा?

"कुठला नट?" काकूंनी विचारलं.

तिनं खाली बोट दाखवलं. तिथला नट रात्रीतून कुणीतरी सोडलाय आणि माझा लाल रंग तेव्हा ओला होता, असं सांगितलं. काकू पुरत्या गोंधळल्या. गुडघ्यांमुळे त्यांना ओट्याची पायरी चढताना दोनदा थांबावं लागे, त्या गाडीखाली कशा शिरणार? त्या खरं बोलत होत्या, याबद्दल करंटताईला तिळमात्र शंका उरली नाही.

घराच्या दारातून काका बाहेर आले. भिंतीचा आधार घेत, पायानं जमीन चाचपत ते गाडीपर्यंत पोचले आणि त्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

"काय पोरी, सापडला का फॉल्ट?" त्यांनी विचारलं.

करंटताईनं त्या हाताकडे पाहिलं. मग तिनं काकूंकडे पाहिलं. काकूही त्या हाताकडेच बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"सापडला, काका," ती म्हणाली. "पण तो दुरुस्त होण्यातला नाही. गाडी आता उभीच राहू दे. तुमच्या मुलाला मी सांगते."

छातीवरचं ओझं उतरावं तसा काकांनी मोठा श्वास सोडला. "असू दे, असू दे. दमली असेल म्हातारी," असं म्हणत त्यांनी बॉनेट मायेनं थोपटलं. अंगठ्याला, तळहाताला आणि सदऱ्याच्या पांढऱ्या बाहीला फासलेला लाल रंग त्यांना अजूनही दिसला नव्हता.