वाऱ्यासाठी दिलेली मुलगी

केशवराव वकिलांनी उपरण्यात गुंडाळून आणलेलं मडकं बैठकीत ठेवलं आणि बायकोला हाक मारली.

"वच्छला, पाह्य. साऱ्या अमरावतीनं पाहून झालं, आता तू पाह्य."

तांबड्या मडक्यावर काळ्या रंगात चित्र होतं. किनाऱ्याशी अडकून पडलेली गलबतं, सुरी उपसलेला राजा आणि त्याच्यासमोर ताठ मानेनं उभी मुलगी. राजाच्या मिशा हुबेहूब केशवरावांच्या होत्या.

मुलींच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सिंधूबाईंकडे जुन्या ग्रीक मडक्यांच्या चित्रांचं पुस्तक होतं. त्यावरून मुलींकडून मडकी रंगवून घेऊन त्यांनी प्रदर्शन मांडलं होतं. हे मडकं कोणाचं, ते मात्र त्यांनी काही केल्या सांगितलं नाही. शाळेच्या कमिटीवर केशवराव होते. बाईंची नोकरी त्याच संध्याकाळी गेली.

घरात कोणाला विचारावंच लागलं नाही. गेल्या साली मॅट्रिक झालेली, अजूनही बाईंकडे जाणारी अनुपमा स्वतःच पुढं आली.

"मीच काढलं, बाबा. वारा पडला, गलबतं हालेनात. देवीनं पोरीचा बळी मागितला, तर राजानं लगन आहे म्हणून पोरीले बोलावून घेतलं. तुमाले तिकीट पायजे, तुमी मले अकोल्याले धाडून राहिले. काय फरक आहे?"

अकोल्याच्या जुन्या शहरातले चिंतामणराव जिनिंगवाले कापसाचे व्यापारी, चाळिशी उलटलेले, बिजवर. अनुपमा त्यांना दिली की केशवरावांना विधानसभेचं तिकीट त्यांच्या शब्दावर मिळणार होतं.

केशवरावांनी आवाज चढवला नाही. "रविवारी पाहुणे येऊन राहिले. बोभाटा त्यांच्या कानावर गेलाच असन. त्यांच्यासमोर तू हे मडकं आपल्या हातानं फोडशील, माफी मागशील. मंग साखरपुडा."

"मी नाई फोडणार."

"वच्छला, समजाव तिले."

वच्छलाबाई चित्राकडे पाहत होत्या. त्यांनी मान वर केली. "रविवारी मी सांगीन तसंच वागायचं, अनू. उलटून बोलायचं नाई."

मुलीनं आईकडे रोखून पाहिलं. मग ती आत गेली. केशवरावांना बरं वाटलं. वीस वर्षांच्या संसारात बायकोनं त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता.

रविवारी सकाळी ते पाहुण्यांना घ्यायला बडनेऱ्याच्या स्टेशनवर गेले. परत आले तेव्हा बैठकीत गाद्या घातलेल्या होत्या, पोह्यांचा वास सुटला होता. अनुपमाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

"तयारी झाली तिची?"

"कवाच झाली," वच्छलाबाई म्हणाल्या.

चहापाणी आटोपलं. केशवराव हसत पाहुण्यांना म्हणाले, "पोरीच्या हातून एक वात्रटपणा झाला. आता तेच हात तो निस्तरतीन." त्यांनी बायकोला खूण केली.

वच्छलाबाई एकट्याच बाहेर आल्या. त्यांनी मडकं उचललं आणि चिंतामणरावांच्या थोरल्या बहिणीपुढं, सत्यवतीबाईंपुढं नेऊन ठेवलं. परक्या पुरुषांच्या बैठकीत त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या. आज डोक्यावरचा पदर सावरून त्या सांगू लागल्या. वारा, गलबतं, लग्नाचं खोटं निमंत्रण.

"वच्छला, आत जा," केशवराव दबक्या आवाजात म्हणाले.

"सांगून झालं की जाते."

"पोरीले बोलाव आधी."

"गोष्ट अर्धी टाकू नये." त्या थांबल्या नाहीत. राजाला मुलीपेक्षा वारा कसा मोठा वाटला, दरबारात एकानंही त्याचा हात कसा धरला नाही, सगळं त्यांनी सावकाश सांगितलं. चिंतामणरावांनी पानाचा विडा हातातच धरून ठेवला. राजाच्या मिशांवरून त्यांची नजर केशवरावांकडे गेली, मग जमिनीकडे.

सत्यवतीबाईंनी मडकं जवळ ओढलं. "मंग त्या पोरीचं काय झालं हो?"

"सिंधूबाईसंगं नागपूरच्या मोटारीत बसवून देल्लं मी तिले," वच्छलाबाई म्हणाल्या. "तिथं कालेजात शिकन आता. वाटेवरचं तिवसा गाव मागं पडलं असन."